काळी रायफल मातकट होईपर्यंतचे एकवीस दिवस

शिकारीत नजरेत येऊ नये म्हणून बंदुकीला रंग देणं म्हणजे एका दुपारचं काम, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात एकवीस दिवस लागले. त्यातले मोजकेच रंगाच्या डब्यासोबत गेले, बाकीचे वाट बघण्यात, घासण्यात आणि एकदा चुकलेलं पुन्हा करण्यात. ज्यांची काळी रायफल आणि काळी बॅग कपाटात पडून आहे आणि ‘नक्की कुठला रंग?’ याच प्रश्नावर गाडी अडली आहे, त्यांच्यासाठी हा क्रमवार हिशेब.

पहिलं काम कागदाचं. परवान्यावर सहसा बनावट, बोअर (नळीच्या आतला व्यास) आणि क्रमांक लिहिलेला असतो, रंग नसतो. तरीही डबा हलवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला साध्या भाषेत लेखी विचारलेलं बरं: बाहेरून रंग देणार आहे, यंत्रणेत काही बदल नाही, क्रमांक आणि खुणा उघड्या राहतील, हरकत आहे का? अर्जासोबत क्रमांकाचा आणि पूर्ण बंदुकीचा एकेक फोटो जोडायचा आणि पोच घ्यायची. उत्तर यायला नऊ दिवस लागले. तोंडी ‘काही नाही हो, करा’ मिळतं लगेच, पण विक्रीच्या किंवा नूतनीकरणाच्या वेळी कामाला येतो तो कागद. दुसरा कागद वॉरंटीचा. स्कोपवर, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीवर, रंग मारला तर काही कंपन्या दुरुस्तीला नकार देतात, तेव्हा तेही आधीच वाचून घ्यायचं. एअरगन किंवा नकली बंदुकीच्या टोकाला जिथे कायद्याने भडक नारिंगी रंग सक्तीचा आहे, तिथे त्या टोकाला हातच लावायचा नाही.

हे नऊ दिवस वाया गेले नाहीत. उलट सगळ्या कामाचा निकाल त्याच दिवसांत लागला.

रंग दुकानातल्या कार्डावर निवडायचा नसतो, जिथे बसायचं त्या जमिनीवर निवडायचा असतो. त्यासाठी मीटरभर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद अशा पुठ्ठ्याच्या सात पट्ट्या कापल्या. एक काळी, एक गडद हिरवी, एक शेवाळी, एक तपकिरी, एक मातकट, एक करडी आणि एक फिक्या वाळूच्या रंगाची. पट्टीचा आकार मुद्दाम नळी आणि दस्त्याइतका. या पट्ट्या गवतात, झुडपाच्या कडेला आणि झाडाच्या बुंध्याशी आडव्या ठेवून पंचवीस, पन्नास आणि शंभर पावलांवरून फोटो काढले, सकाळी, भर दुपारी आणि सूर्य कलल्यावर.

हातात धरल्यावर सगळ्यात ‘जंगली’ वाटणारी गडद हिरवी पट्टी पन्नास पावलांवर सरळ काळी दिसत होती, काळ्या पट्टीपासून वेगळी ओळखू येईना. आणि जी मातकट पट्टी हातात अगदी विटलेली, धुऊन धुऊन फिकी पडल्यासारखी वाटत होती, ती गवतात शोधावी लागली. कारण साधं आहे. लांबून डोळ्याला रंगाची छटा आधी कळत नाही, उजळ-गडदपणा आधी कळतो. पानं हिरवी असली तरी त्यांच्यावर ऊन पडतं, ती चमकतात, अधूनमधून वाळकी काडी असते, माती दिसते. सगळं मिळून जो सरासरी उजेड होतो तो आपल्या कल्पनेपेक्षा बराच फिका असतो. निसर्गात शुद्ध काळा रंग सावलीतच सापडतो, आणि सावली कधी मीटरभर लांब, सरळ आणि एकाच जाडीची नसते.

हे पडताळायला फोन पुरतो. फोटो काढायचा, रंग काढून तो कृष्णधवल करायचा आणि बघायचं: पट्टी आजूबाजूपेक्षा गडद उठून दिसते का फिकी? दोन्ही नको. फोन नसेल तर डोळे अर्धवट मिटून पाहिलं तरी चालतं. छटा विरघळतात आणि उजेड-अंधार उरतो. सात पट्ट्यांपैकी चार याच परीक्षेत बाद झाल्या.

आपल्या भाषेत ‘मळखाऊ’ हा फार नेमका शब्द आहे. ज्यावर धूळ पडली तरी कळत नाही, तो मळखाऊ रंग. लपण्यासाठी लागतो तोच. खाकी शब्दाच्या मुळाशीही फारसीतला ‘खाक’, म्हणजे धूळच आहे. 1840 च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या गाईड्स कोअर या ब्रिटिश हिंदुस्थानी पलटणीने लाल डगल्यांऐवजी मातीच्या रंगाचे कपडे घातले, तेव्हा हेच तर्कशास्त्र होतं. पुढे शंभर प्रकारचे छाप निघाले, पण बाद कुठल्या कारणाने होतात ते पाहिलं की गंमत वाटते. अमेरिकी लष्कराने 2004 मध्ये वाळवंट, शहर आणि जंगल या सगळीकडे चालेल म्हणून राखाडी-हिरवट बारीक चौकटींचा एकच गणवेश आणला. तो हिरवाईत फार फिका पडायचा, आणि बारीक चौकटी लांबून एकमेकींत मिसळून एकसंध फिका ठिपका व्हायचा. 2015 पासून त्याच्या जागी नवा गणवेश दुकानात आला. सगळीकडे चालणारा रंग शोधायला निघालं की तो कुठेच चालत नाही. आपल्या ठिकाणचा आणि आपल्या मोसमाचा रंग घ्यावा.

शेवटी तीन रंग ठरले: पायाला फिका मातकट, त्यावर शेवाळी, आणि थोडासा मध्यम तपकिरी. काळा नाही. प्रमाण ढोबळमानाने निम्मा मातकट, तीस टक्के शेवाळी, वीस टक्के तपकिरी. हिरवळ दाट असेल तर शेवाळी वाढवायचा, वाळकं गवत असेल तर जवळजवळ काढून टाकायचा. बर्फात पाया पांढरा, पण झाडीतल्या बर्फात वरचा भाग करडा हवा, कारण तिथे मागे बुंधे असतात.

कोण बघणार आहे, याचाही विचार याच दिवसांत करायचा. हरणांना दोनच प्रकारच्या रंगपेशी असतात, एक निळ्याच्या बाजूची आणि एक हिरव्या-पिवळ्याच्या. नारिंगी आणि हिरवा त्यांना फारसे वेगळे दिसत नाहीत, निळा मात्र ठळक दिसतो. म्हणून जीन्स घालून मचाणावर बसू नये. कपडे धुण्याच्या पावडरीत जो ‘जादा शुभ्रपणा’ असतो तो अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतो. ती पावडर वापरली की उत्तम छापाचा शर्टही हरणाच्या डोळ्यात चकाकतो. पक्ष्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना चार प्रकारच्या रंगपेशी असतात, रंग आपल्यापेक्षा जास्त कळतात, तिथे छटेत चूक चालत नाही.

दहाव्या दिवशी कागद आला आणि काम सुरू झालं. सगळ्यात आधी रिकामी करणं. मॅगझीन बाहेर, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा) उघडून गोळी बसते त्या चेंबरमध्ये डोळ्याने आणि बोटानेही खात्री, मग बोल्ट काढून वेगळा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. स्कोप काढायचा मोह आवरायचा: काढला की झिरो, म्हणजे निशाण आणि गोळी लागण्याची जागा यांचा मेळ, गेला, परत बसवून पुन्हा गोळ्या खर्च. जागेवरच ठेवून नीट झाकलेला बरा.

मग सफाई, आणि इथेच बहुतेकांचा रंग पोपडे होऊन निघतो. बंदुकीवर तेल असतंच, दिसत नसलं तरी असतं. धातूला आयसोप्रोपिल अल्कोहोल दोनदा, प्रत्येक वेळी नवा कपडा. कपडा पिवळट निघणं थांबेपर्यंत पुसायचं. प्लास्टिकच्या दस्त्याला साबणाचं कोमट पाणी आणि मग अल्कोहोल. ॲसिटोन किंवा थिनर प्लास्टिकवर अजिबात नको, पृष्ठभाग चिकट होतो आणि विरघळतोही. त्यानंतर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने दस्त्याची तकाकी फक्त मारायची, खरवडायचं नाही. एकदा पुसून झालं की रबरी हातमोजे. बोटाचा एक ठसा उमटला तरी तिथला रंग सुटू शकतो.

टेप लावायला रंग मारण्यापेक्षा जास्त वेळ लागला, सरळ अडीच तास. काय झाकायचं: स्कोपच्या दोन्ही काचा, टरेटवरचे (निशाण जुळवायच्या बटणांवरचे) आकडे, फोकसची आणि चित्र मोठं करायची कडी जिथे फिरते ती फट, नळीचं तोंड, रिकामी काडतुसं बाहेर पडण्याची खिडकी, चाप आणि त्याच्या आतला भाग, सेफ्टीची खूण, मॅगझीनची जागा, क्रमांक आणि कारखान्याच्या सगळ्या खुणा. नळीच्या तोंडात कापूस कोंबू नये, बोळा आत राहून जाण्याचा धोका असतो. बाहेरून टेपची टोपी करावी, लांबून दिसेल अशी. क्रमांकावर टेप चिकटवून कडा नखाने दाबायच्या, नाहीतर रंग खालून सरकतो आणि अक्षरं बुजतात.

बाराव्या दिवशी पाया. डबे साध्या दुकानातले, ‘अल्ट्रा फ्लॅट’ किंवा कॅमोफ्लाज म्हणून मिळणारे, प्लास्टिकवरही धरणारे. मॅट लिहिलेलं सगळं मॅट नसतं, तेव्हा आधी पुठ्ठ्यावर मारून, वाळू देऊन, उन्हात तिरकं धरून बघायचं. हवा कोरडी आणि ऊबदार हवी. दमट दिवशी रंगावर पांढुरकी झाक येते. डबा दोन मिनिटं हलवायचा, पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब धरायचा, फवारा बंदुकीच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेर संपवायचा. पहिला थर इतका पातळ की खालचं काळं दिसतच राहतं. दहा मिनिटांनी दुसरा, दहा मिनिटांनी तिसरा. घाईने जाड मारला तर ओघळ येतात आणि ओघळ चमकतो. ऊन त्याच रेषेवर पकडलं जातं, सगळ्या मेहनतीवर पाणी.

ज्यांना पक्कं काम हवं त्यांच्यासाठी भट्टीत भाजून बसवायचा सेराकोटसारखा सिरॅमिक लेप असतो. त्यासाठी वाळूच्या झोताने धातू खरखरीत करावा लागतो, ओव्हन लागतो, खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि नमुना आवडला नाही तर उतरवणं अवघड. स्प्रेचा रंग खरचटतो, नळीच्या सफाईच्या द्रावणाने उतरतो, तोंडापाशी उष्णतेने करपतो. पण दहा मिनिटांत त्याला ठिगळ लावता येतं, आणि मोसम बदलला की रंगही बदलतो. शिकार करणाऱ्याला दुसरा गुण जास्त मोलाचा.

त्याच बाराव्या दिवशी, तासाभरातच नमुना, आणि इथे चुकलं. कपडे धुण्याच्या जाळीच्या पिशवीतून शेवाळी आणि तपकिरी मारला. जाळीचे डोळे बारीक, सापाच्या खवल्यांसारखी नक्षी उठली, हातात घेऊन बघायला झकास. पन्नास पावलांवर ठेवली तेव्हा खवले एकमेकांत मिसळून गेले होते आणि तिथे उरली होती एक सरळ, एकसारखी, तपकिरी काठी. कडा जशाच्या तशा. अमेरिकी गणवेशाची चूक वाचून ठेवली होती, आणि तीच स्वतः केली.

लगेच त्यावर पुन्हा रंग मारायचा नाही. या रंगांच्या डब्यावर बऱ्याचदा एक बारीक सूचना असते: पुढचा थर एका तासाच्या आत किंवा मग अठ्ठेचाळीस तासांनंतर. मधल्या वेळेत मारला तर खालचा अर्धवट वाळलेला थर फुगून सुरकुततो. तास कधीच उलटला होता. तेव्हा दोन दिवस थांबणं आलं.

चौदाव्या दिवशी मातकटाचा एक पातळ हात फिरवून खवले बुजवले आणि मोठा विचार केला. ठिगळं तळहाताएवढी किंवा मोठी, आणि दिशा महत्त्वाची: नळीच्या लांबीला आडवी किंवा तिरकी, समांतर नाही. नळी, पुढचा दस्ता, स्कोप आणि मागचा दस्ता असे चार वेगळे तुकडे दिसतात. एकच तपकिरी पट्टा स्कोपवरून खाली दस्त्यावर उतरवला की ते तुकडे जोडले जातात आणि बंदुकीचा ओळखीचा आकार मोडतो. स्टेन्सिलसाठी जाळीऐवजी तिथल्याच झुडपाची मोठी पानं आणि गवताच्या काड्या, थोड्या थोड्या उचलून धरलेल्या. पूर्ण टेकवल्या तर कडा धारदार येतात, बोटभर उचलल्या तर मऊ. दोन्ही मिसळावं. निसर्गात तसंच असतं.

दुसरी गोष्ट पोटाची. अमेरिकी चित्रकार ॲबट थेयर याने 1896 मध्ये मांडलं की प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं ते वरून पडणाऱ्या उजेडाला खोडण्यासाठी. सावलीमुळे पोट आधीच काळं पडतं, ते फिकं रंगवलं की गोलाई सपाट होते. दस्त्याची खालची बाजू, मॅगझीनचा तळ आणि स्कोपचं पोट फक्त मातकट ठेवलं, तिथे तपकिरी अजिबात नाही. पन्नास पावलांवरचा फरक याने जास्त पडला, पट्ट्यांनी कमी.

टेप त्याच संध्याकाळी काढायची, रंग बोटाला लागत नाही पण पुरता कडक झालेला नाही अशा वेळी. दुसऱ्या दिवशी काढली तर कडेचा रंग टेपसोबत सोलून येतो.

रायफल वाळत असताना सामान. चौदा ते एकवीस हे दिवस बॅग, पट्टा, बाईपॉड (नळीखालची दोन पायांची टेकणी), दुर्बीण आणि बाटलीला गेले. बॅगेच्या कापडावर स्प्रे मारला तर ते कडक होतं, घडीवर तडे जातात आणि चालताना करकरतं. कापड रंगवायचं तर आधी लेबल वाचायचं. नायलॉन आम्लरंग धरतं, व्हिनेगर घातलेल्या जवळजवळ उकळत्या पाण्यात. पॉलिएस्टर त्या रंगाला दाद देत नाही, त्याला डिस्पर्स रंग लागतो. आणि ज्या पट्ट्यावर माणसाचं वजन पेललं जातं, म्हणजे झाडावर चढण्याचा हार्नेस, त्याला ना रंग, ना उकळणं, ना कुठलं द्रावण. तो काळा तर काळा.

ज्यांना रंगच मारायचा नाही त्यांनी स्वतःलाच चिकटणारी तपकिरी बँडेजपट्टी गुंडाळावी. सोडवली की बंदूक पहिल्यासारखी, कार्यालयात विचारायलाही सोपं. दोन सावधगिऱ्या: ती ओल धरून ठेवते, पावसातून आल्यावर त्याच रात्री सोडली नाही तर खाली गंज चढतो. आणि नळी दस्त्यापासून मोकळी तरंगती असेल तर दोन्ही मिळून गुंडाळू नये, गोळीची जागा बदलते.

चमक हा वेगळाच शत्रू आहे, रंग कितीही जमला तरी तो उरतो. बकलांवर मॅट रंगाचा एक हात. घड्याळ बाहीच्या आत. बाईपॉडच्या पायांचा सरकणारा भाग रंगवला तर सरकत नाही, त्यावर सैलसर कापडी नळी चढवली. स्कोपच्या पुढच्या काचेसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी मिळते, तिने चित्र किंचित अंधारतं पण सूर्य समोर असताना काचेचा लखलखाट थांबतो. आणि हातमोजे, चेहऱ्याला जाळी: बंदूक लपली आणि दोन उघडे तळवे हलत राहिले तर उपयोग शून्य.

डासांच्या मलमाबद्दल डब्यावर कुणी लिहीत नाही. डीईईटी (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम हाताला लावून दस्ता धरला की रंग मऊ पडतो आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात, कधी प्लास्टिकसुद्धा खरबरीत होतं. मलम लावायचं तर हाताच्या मागच्या बाजूने, तळवे कोरडे.

चोवीस तासांनी बंदूक हातात घेता येते, पण रंग खरा पक्का व्हायला आठवडा लागतो. तो आठवडा ती कव्हरमध्ये घालायची नाही, कव्हरचं अस्तर चिकटून येतं. टांगून ठेवायची.

एकविसाव्या दिवशी जोडणी आणि झिरोची तपासणी. बोल्ट बसवण्याआधी नळीतून आरपार उजेड पाहिला, चाप आणि सेफ्टी रिकाम्या बंदुकीवर वीस-पंचवीस वेळा चालवून पाहिली. रंगाचा कण चापाच्या फटीत गेला तर तो जड होतो, आणि असं वाटलं तर स्वतः उघडायचं नाही, कारागिराकडे न्यायचं. शंभर मीटरवर तीन गोळ्या, निशाण जागेवरच. स्कोप न काढल्याचं फळ.

खर्चात डबे आणि टेप सगळ्यात स्वस्त निघाले. चुकलेल्या नमुन्यामुळे मातकटाचा एक डबा जास्तीचा लागला. महाग पडली ती स्कोपची जाळी आणि हातमोज्यांची बरी जोडी. उरलेले तीन डबे उलटे धरून नोझल मोकळं होईपर्यंत फवारून ठेवले, म्हणजे पुढच्या ठिगळाच्या वेळी ते बुजलेले मिळत नाहीत. झाकणावर तारीख आणि कुठला भाग रंगवला ते लिहून ठेवलं.

बॅगेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आणि बंदुकीच्या कव्हराला एकेक भडक नारिंगी फीत शिवली आहे. जे इतकं लपतं ते ठेवून चार पावलं बाजूला गेलं की सापडत नाही. आणि शिकारीच्या मोसमात बऱ्याच ठिकाणी अंगात नारिंगी जाकीट घालणं कायद्याने सक्तीचं असतं, कारण समोरच्या झुडपात दुसराही कुणी बंदूक घेऊन बसलेला असू शकतो. हरणाला त्या नारिंगीची छटा कळत नाही, फक्त मोठा एकसंध उजळ ठोकळा कळतो. नियमात बसत असेल तिथे तुटक छाप असलेलं नारिंगी घ्यावं, नाहीतर साधंच, पण घालावं.